हस्तलिखिताची अखेरची पाने

आमच्या शाळेच्या हस्तलिखित अंकाच्या अखेरीस चार-सहा कोरी पाने मुद्दाम बांधलेली असत. त्यांच्या माथ्यावर ‘अभिप्राय’ एवढाच शब्द ठळक अक्षरांत लिहिलेला असे. मुख्याध्यापकांच्या हस्ते अंकाचे प्रकाशन झाले की काही दिवस तो वाचनालयाच्या मेजावर राही, आणि मग जाड कागदात गुंडाळून दुसऱ्या एखाद्या शाळेकडे रवाना होई. त्या शाळेचा अंक आमच्याकडे येई. पंधरवडा-तीन आठवड्यांनी दोन्ही अंक आपापल्या घरी परत येत, ते ही कोरी पाने भरून. अंक परत आला की आम्ही मुले आपले लेख वाचण्याआधी ही अखेरची पाने उघडीत असू, हे निराळे सांगावयास नको.

आजच्या वाचकास हा प्रकार पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यातील एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. छापील अंकाच्या शेकडो प्रती निघतात. हस्तलिखिताची प्रत एकच. महिनाभर खपून, उत्तम अक्षराच्या मुलांकडून लिहवून घेतलेली, चित्रकलेच्या सरांनी मुखपृष्ठ रंगविलेली आणि खळ लावून कापडी पाठीत बसविलेली ती एकुलती एक वस्तू परक्यांच्या हाती सोपवावयाची, आणि वर ‘यातील दोष दाखवा’ अशी विनंती करावयाची, यात विश्वासाचा भाग मोठा होता. बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात, जेथे विश्वास ही वस्तू सदैवच दुर्मिळ, तेथे हा व्यवहार मुलांच्या हातून घडत होता. त्या व्यवहाराचे पूर्ववृत्त थोडक्यात सांगावे आणि त्यातून आपणांस काय घेता येईल ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याकडे दुरुस्ती मागावयाची ही चाल आपल्याकडे नवी नाही. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक आपली बाजू मांडून ठेवीत असे: समोरच्या प्रतीत जसे दिसले तसे मी उतरले, शुद्ध असो वा अशुद्ध असो, दोष माझ्या माथी मारू नये, आणि जाणत्यांनी चूक सुधारून घ्यावी. पोथी एका मठातून दुसऱ्या मठात, एका देवालयातून दुसऱ्या देवालयात उतरून नेली जाई, आणि प्रत्येक उताऱ्यागणिक तिच्यात पाठभेद शिरत. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले ते याच कारणाने. मूळ ग्रंथाविषयी अपार भक्ती असतानाही, किंबहुना ती होती म्हणूनच, त्यांनी हाती आलेल्या पाठांची चिकित्सा केली. भक्ती आणि चिकित्सा यांचे वैर आहे असे मानणाऱ्यांनी नाथांचे हे उदाहरण विसरू नये.

मुद्रणकलेचा हिंदुस्थानातील आरंभही एका विद्यालयातच झाला, ही गोष्ट गोमंतकाशी नाते सांगणाऱ्या आपल्या वाचकांस मोठी अर्थपूर्ण वाटेल. इ. स. १५५६ मध्ये गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात पहिला छापखाना आला, आणि तेथील विद्यार्थी ज्यांवर वादविवाद करणार होते ती प्रमेये छापणे हे त्याच्या पहिल्या कामांपैकी एक होते. विद्यार्थ्यांनी मांडावे, इतरांनी खोडावे, पुन्हा मांडावे, अशी ही पद्धत. परंतु त्या वादाला कुंपण होते. वादी आणि प्रतिवादी दोघेही एकाच भिंतीच्या आत बसलेले, एकाच मताचे. त्यानंतर चारच वर्षांनी, १५६० साली, कुशस्थळीच्या मंगेशाला प्रियोळास नेण्याची पाळी भक्तांवर आली. आणि ज्यांना देव पालखीत घालून रातोरात नदी ओलांडावी लागली त्यांचे म्हणणे छापण्यासाठी तो छापखाना नव्हता. न्यायशास्त्राचा पहिला धडा असा की, दुसऱ्या पक्षाचे ऐकल्यावाचून निवाडा करू नये. ज्या चर्चेत दुसरा पक्ष दाराबाहेर उभा असतो ती कितीही विद्वत्तापूर्ण असली तरी अपुरीच राहते. शाळेच्या हस्तलिखिताला परगावच्या शाळेचा अभिप्राय का हवा, याचे उत्तर या इतिहासात सापडते.

इंग्रजी अमदानीत विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या लेखनाची परीक्षा करण्याचा उपक्रम प्रथम मुंबईत बाळसे धरू लागला. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी व तरुण शिक्षकांनी ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. दादाभाई नौरोजी हे तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी. तिच्या मराठी व गुजराती शाखा ‘ज्ञानप्रसारक सभा’ या नावाने ओळखल्या जात. सभेत सभासदाने निबंध वाचावा आणि इतरांनी त्यावर चर्चा करावी असा परिपाठ होता. १८५० साली ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघाले व ते १८६७ पर्यंत चालले. या तरुणांची चर्चा कागदावरच राहिली नाही, हे विशेष होय. १८४९ साली त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि आरंभी तेथे स्वतः विनावेतन शिकविले. ज्याच्या निबंधाला मित्रमंडळीत प्रश्न विचारले जातात त्याला आज ना उद्या आपल्या निबंधाप्रमाणे वागावे लागते.

पुढे शिक्षणखात्याचे ‘मराठी शालापत्रक’ आले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली, त्यापूर्वी त्यांची लेखणी याच पत्रकात तयार झाली होती; संस्कृत कवींवरील त्यांचे प्रसिद्ध निबंध प्रथम तेथे आले. मराठीतील ग्रंथपरीक्षणाचा एक मोठा प्रवाह अशा रीतीने शाळाखात्याच्या अंगणातून निघाला. विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ (१८८१) आणि वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ (१९०६) या मासिकांनी मुलांना वाचावयास शिकविले. तथापि या सर्व पत्रांत थोरांनी लिहावयाचे व मुलांनी वाचावयाचे असाच मुख्यतः संबंध होता.

या संबंधाला निराळे वळण देणारे गृहस्थ म्हणजे साने गुरुजी. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि तेथील छात्रालय त्यांच्याकडे आले. त्या छात्रालयात त्यांनी ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालविले. त्यातील पुष्कळसा मजकूर ते स्वतः लिहीत. जगातील घडामोडी, थोरांची चरित्रे, निसर्गवर्णने यांच्या जोडीला छात्रालयात काल काय घडले, कोणाचे काय चांगले झाले आणि कोठे चुकले, हेही त्यात असे. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले; १९३० च्या सत्याग्रहासाठी शाळा सोडीपर्यंतची ही त्यांची अध्यापनाची वर्षे. दोष सांगावा पण माणूस दुखवू नये, ही कला त्यांच्या दैनिकात मुलांनी रोज पाहिली. महाराष्ट्रातील कितीतरी शाळांत पुढे हस्तलिखिते निघाली त्यांच्या मागे हा संस्कार उभा आहे.

याच सुमारास युरोपातही एका खेडेगावच्या शिक्षकाने असाच प्रयोग मांडला होता. त्याचे नाव सेलेस्तँ फ्रेने. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला जखम झाली होती व त्यामुळे वर्गात फार वेळ बोलणे त्याला झेपत नसे. दक्षिण फ्रान्समधील बार-स्यूर-लू या गावच्या शाळेत १९२४ साली त्याने लहानसे छपाईयंत्र आणले आणि मुलांनी सांगितलेला मजकूर मुलांकडूनच जुळवून छापण्यास आरंभ केला. १९२६ पासून ही छापील पाने ब्रिटनी प्रांतातील दानिएल नावाच्या शिक्षकाच्या शाळेकडे जाऊ लागली व तिकडची पाने येऊ लागली. एक शाळा डोंगरातली, दुसरी समुद्रकाठची. डोंगरातल्या मुलांना समुद्राविषयी पुस्तकातून जे कळले नव्हते ते कोळ्यांच्या मुलांनी लिहिलेल्या चार ओळींतून कळले. आणि दूरचा वाचक ‘हे नीट समजले नाही’ असे कळवितो तेव्हा वाक्य नीट लिहिण्याची गरज जितकी पटते तितकी ती लाल शाईने पटत नाही. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या आश्रयाने १९२५ साली शालेय नियतकालिकांची एक संघटना स्थापन झाली. तेथे जाणत्या परीक्षकांकडून शाळांच्या पत्रांचे गुणदोष तपासले जातात. ही पद्धत उपयुक्त खरीच. परंतु तीत वरून खाली निर्णय येतो. फ्रेनेच्या पद्धतीत दोन शाळा एका पातळीवर उभ्या राहतात. आमच्या हस्तलिखितांची जात या दुसऱ्या पद्धतीची होती.

आता बेळगावकडे वळू. २०१४ पासून ज्याचे अधिकृत नाव बेळगावी झाले आहे ते हे शहर शाळांचे शहर म्हणून जुने आहे. ज्या १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले त्याच साली येथे लंडन मिशनची इंग्रजी शाळा सुरू झाली. १९१६ साली सात शिक्षकांच्या प्रयत्नाने कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. १९३९ साली राजा लखमगौडा विधी महाविद्यालय, १९४५ साली राणी पार्वतीदेवी महाविद्यालय. या दुसऱ्या महाविद्यालयात पु. ल. देशपांडे यांनी काही काळ अध्यापन केले. इंदिरा संत यांचे आयुष्य याच गावी शिक्षकांना शिकविण्यात गेले. मराठी साहित्य संमेलन येथे १९२९ साली शि. म. परांजपे यांच्या आणि १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. या दुसऱ्या संमेलनातच संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव झाला. कन्नडाची चळवळही याच भूमीत तितक्याच जोमाने वाढली. निपाणीची स्थिती तर अधिकच विलक्षण. गाव कर्नाटकात, पण त्याला लागून असलेले देवचंद महाविद्यालय अर्जुननगरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. निपाणीचा विद्यार्थी सकाळी राज्य ओलांडून तासाला बसतो आणि दुपारी राज्य ओलांडून जेवावयास घरी येतो.

१ नोव्हेंबर १९५६ ची राज्यपुनर्रचना, १९६७ चा महाजन अहवाल, १९८६ चे भाषिक आंदोलन, आणि २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, हा सारा इतिहास वाचकांस ठाऊक आहे. त्याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. एवढेच म्हणावयाचे की, राज्यघटनेच्या ३५० अ या कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करण्याचे कर्तव्य राज्यावर टाकले आहे. परंतु शेजारच्या बाकावरील मुलाची भाषा आदराने ऐकण्याचे कर्तव्य कोणत्याही कलमात घालता येत नाही. ते शाळेने शिकवावयाचे असते.

येथे स्वतःचा एक अनुभव सांगण्याची परवानगी घेतो. आमच्या घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि बाजारात कन्नड. मी नववीत असताना आमच्या हस्तलिखितासाठी ‘आमच्या गावची तंबाखूपेठ’ असा एक भारदस्त निबंध लिहिला. निपाणीच्या पेठेची ख्याती, व्यापाऱ्यांची सचोटी, १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली झालेले तंबाखू उत्पादकांचे आंदोलन, सारे काही त्यात होते. ‘या पेठेमुळे सर्वांचेच कल्याण झाले आहे’ असा त्याचा समारोप होता. अंक एका खेड्यातील शाळेकडे गेला. परत आला तेव्हा अखेरच्या पानावर, वहीच्या ओळीत लिहावे तशा सरळ अक्षरात, एका विद्यार्थिनीचा अभिप्राय होता. निबंधाची भाषा चांगली आहे, असे आरंभी लिहून तिने पुढे विचारले होते: लेखकाने वखारीत कधी पाऊल ठेवले आहे काय? माझी आई वखारीत तंबाखू चाळते. तिला मजुरी किती मिळते आणि रात्री खोकला किती येतो, हे ‘सर्वांचे कल्याण’ लिहिण्यापूर्वी विचारावयास हवे होते.

मला राग आला. संध्याकाळी बसून मी दोन पानी उत्तर लिहिले. त्यात तिच्या दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या होत्या, आणि निबंधाचा विषय पेठ हा आहे, मजुरी नव्हे, असा मुद्दा मांडला होता. पुढे वकिलीत ज्याला तांत्रिक आक्षेप म्हणतात त्याचा तो माझा पहिला प्रयोग. ते उत्तर मोठ्या अभिमानाने घरी वाचून दाखविले. आजी सुपारी कातरीत बसली होती. तिने ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, “खरें तें खरें.” सरांकडे कागद दिला तेव्हा त्यांनी तो न वाचता खणात ठेवला आणि म्हणाले, “आठ दिवसांनी माग. मधल्या काळात वखार पाहून ये.”

मी गेलो. दारातूनच खाट उठला आणि डोळ्यांत पाणी आले. तोंडाला पदर बांधून बायका ओळीने बसल्या होत्या. १९८० च्या सुमारास याच बायका संघटित होऊन मजुरीसाठी झगडल्या होत्या, आणि मी माझ्या निबंधात आंदोलनाला दीड पान दिले असता त्यांच्यासाठी एक ओळही ठेवली नव्हती. निपाणीतच पिठाची गिरणी चालवीत महादेव मोरे या कष्टकऱ्यांच्या कथा लिहीत होते. त्यांचे पुस्तकही मी तोवर उघडलेले नव्हते. आठ दिवसांनी मी सरांकडे कागद मागितला नाही. पुढच्या अंकात तोच निबंध नव्याने लिहिला, आणि आरंभी, अमुक शाळेतील विद्यार्थिनीच्या अभिप्रायावरून ही दुरुस्ती केली आहे, असे नमूद केले. तो अंक तिच्या शाळेकडे गेला तेव्हा ती शाळा सोडून गेली होती. दुरुस्ती तिच्यापर्यंत पोचली की नाही हे मला कळले नाही. कोर्टात आजही एखाद्या साक्षीदाराची बोलण्यातली चूक पकडून मूळ मुद्दा टाळण्याचा मोह होतो तेव्हा ते सरळ अक्षर डोळ्यांपुढे उभे राहते.

दुसरा अनुभव हलका पण तितकाच बोधक. एके वर्षी आमच्या सरांनी अंक एका कन्नड शाळेकडे धाडला. १९८६ च्या आठवणी ताज्या होत्या. काही पालकांना हे रुचले नाही. अंक परत आला तेव्हा मराठी वाचू शकणाऱ्या एका मुलाने कन्नडमध्ये अभिप्राय लिहिला होता आणि आमच्या कन्नडच्या बाईंनी तो वर्गात वाचून दाखविला. आमच्यापैकी एकाने ‘शुद्ध मराठी’ या विषयावर आवेशाने लिहिले होते व त्यात ओघाने ‘अडकित्त्यात सापडल्यासारखी अवस्था’ असा प्रयोग केला होता. त्या मुलाने नम्रपणे कळविले की अडके म्हणजे सुपारी आणि कत्तरी म्हणजे कात्री. हा शब्द आमच्याकडून तुमच्याकडे आला आहे, तो परत मागत नाही, वापरा. वर्ग हसला. अण्णा, अक्का, अप्पा हे शब्दही त्याच वाटेने आले आहेत, असे बाईंनी सांगितले. ज्या विठ्ठलाला ज्ञानदेवांनी कानडा म्हटले त्याच्या वारीला जाणाऱ्या घरांतील आम्ही मुले. पण ही गोष्ट कळावयास एका परक्या शाळेतील मुलाचे चार ओळींचे टिपण लागले.

या देवघेवीचे काही अलिखित नियम होते. अभिप्राय लिहिणाऱ्याने आपले नाव व इयत्ता लिहिलीच पाहिजे; निनावी अभिप्राय स्वीकारला जात नसे. प्रथम गुण, मग दोष. दोष दाखविताना पान व ओळ सांगावी. लेखकाच्या जातीचा, घरचा वा गावचा उल्लेख करू नये. उत्तर द्यावयाचे तर आठ दिवसांनी. आणि सर्वांत महत्त्वाचे, दुसऱ्याच्या अंकावर डाग पडू न देता तो जसा आला तसा परत करावा. मी पुढे कायद्याचा अभ्यास केला तेव्हा दिवाणी दाव्यातील फिर्याद आणि कैफियत यांची रचना मला अपरिचित वाटली नाही. म्हणणे लेखी मांडावे, त्याची प्रत दुसऱ्या पक्षास द्यावी, त्याला उत्तरास मुदत द्यावी, आणि आरोप मोघम नसून नेमका असावा. फरक इतकाच की आमच्या व्यवहारात हुकूमनामा नव्हता. कोणी जिंकत नसे. पुढचा अंक थोडा बरा निघे.

पुढे बहुतेक शाळांत हस्तलिखिताची जागा छापील वार्षिकांकाने घेतली. त्यात मान्यवरांचे संदेश आले, निकालांचे तक्ते आले, छायाचित्रे आली. अखेरची कोरी पाने मात्र गेली. आता मुलांना लिहावयास हातातील यंत्र आहे आणि त्यावर मत देणारेही अगणित आहेत. पण मत देणाऱ्याचे नाव नसते, उत्तराला आठ दिवसांची मुदत नसते आणि समोरच्याची वस्तू आपल्या हाती विश्वासाने दिलेली आहे ही जाणीवही नसते. दोष यंत्राचा नाही. नियम शिकविण्याचे काम कोणी तरी करावयाचे राहून गेले आहे.

आपल्या देवस्थानांच्या सभागृहांत वर्षाकाठी उत्सवाच्या निमित्ताने निबंध, वक्तृत्व, रांगोळी यांच्या स्पर्धा होतात व बक्षिसे वाटली जातात. तो पैसा व्यर्थ जातो असे मी म्हणत नाही. परंतु त्याच सभागृहात एका मेजावर आसपासच्या चार शाळांची हस्तलिखिते, मराठी, कोंकणी व कन्नड, उत्सवाचे पाच दिवस ठेवावीत. प्रत्येकाच्या अखेरीस कोरी पाने असावीत. आणि एका शाळेच्या मुलांनी दुसरीच्या अंकावर नाव-इयत्तेसह लिहावे, एवढी सोय करणे विश्वस्त मंडळांच्या आवाक्यातील आहे. याला खर्च म्हणाल तर कागदाचा आणि एका लेखणीचा. मुले लिहितील, याविषयी मला शंका नाही. त्यांचे लिहिलेले आपण मोठ्यांनी शांतपणे वाचावे, आणि त्यात आपल्याविषयी काही खरे निघाले तर आठ दिवस थांबून मग उत्तर द्यावे.